४४ घरांची ओळ

या मननाला डोळे मिटून चालणार नाही. चष्मा असेल तर पुसून घ्या, खिडकीजवळ किंवा दिव्याखाली बसा, आणि कपाटातला पासपोर्ट काढून फोटोचं पान उघडा. पासपोर्ट नसेल तर शेल्फवरचं अलीकडचं कुठलंही पुस्तक उलटं करा. बारकोडखालचे आकडे पुष्कळदा याच टंकातले असतात. फोटोकडे बघू नका. पासपोर्टवरचा आपला फोटो कुणालाच आवडत नाही, आणि त्या दुःखात आज शिरायचं नाही. नजर पानाच्या तळाशी न्या. तिथे दोन ओळी आहेत. एरवी आपण त्या वाचत नाही. विमानतळावरचा अधिकारी ते पान यंत्रावर टेकवतो, यंत्र काय ते वाचतं, आपण पुढे सरकतो.

आज त्या आपण वाचू. अर्थासाठी नको, अर्थ म्हणाल तर नाव, नंबर आणि तारखा, आणि ते सगळं तुम्हाला पाठ आहे. अक्षरांसाठी वाचू.

पहिल्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवा आणि एकेक मोजत पुढे चला. मध्ये डावीकडे टोक असलेली कोनचिन्हं लागतील, तीही मोजा. शेवटी ४४ येतील. दुसरी ओळ मोजा. तिथेही ४४. पासपोर्टची पुस्तिका भारताची असो, जपानची असो की ब्राझीलची, हा आकडा बदलत नाही.

मोजून झालं की बोट उचला आणि वरच्या ओळीतल्या कुठल्याही अक्षरावरून नजर सरळ खाली आणा. बरोबर त्याच्या पायाशी खालच्या ओळीतलं अक्षर उभं आहे. शेजारचं करून पाहा. तेही तसंच. मग एखादी कादंबरी उघडून तिच्या पानावर हाच प्रयोग करा. तिथे वरच्या अक्षराखाली नेमकं अक्षर येणं हा योगायोग असतो; कुठे खाली काना येतो, कुठे दोन शब्दांमधली फट. पासपोर्टवर फट नाही आणि योगायोगही नाही. प्रत्येक अक्षराला एक घर दिलेलं आहे, १ इंचाच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे २.५४ मिलिमीटर रुंद. ४४ घरांची ओळ ११२ मिलिमीटरला किंचित कमी भरते. पान १२५ मिलिमीटरचं. दोन्हीकडे थोडा समास राहतो.

इथे थोडा वेळ थांबा. घरं मनात आखून घ्या. छापलेली नाहीत, पण आहेत. पुढचं सगळं या घरांमध्येच घडणार आहे.

पहिल्या ओळीत तिसऱ्या घरापासून आपल्या देशाची तीन अक्षरं आहेत: आय, एन, डी. त्यातल्या ‘आय’वर थांबा. एरवी छापलेला कॅपिटल ‘आय’ म्हणजे नुसती उभी काठी. तिला जागा लागते ती काठीपुरती. खिळ्यांच्या छपाईत ‘आय’चा खिळा अरुंद असायचा, ‘एम’चा आणि ‘डब्ल्यू’चा ऐसपैस. जुळाऱ्याच्या बोटांना तो फरक न बघता कळायचा. इथे मात्र ‘आय’ला ‘एम’एवढंच घर मिळालेलं आहे. त्यात नुसती काठी उभी केली तर दोन्हीकडे एवढी मोकळी जागा राहील की शब्द तिथे तुटल्यासारखा वाटेल. म्हणून काठीच्या डोक्यावर एक आडवी पट्टी घातली, पायाखाली दुसरी. घर भरलं.

गंमत अशी की हा टंक सेरिफ नसलेल्यांच्या जातीतला. म्हणजे अक्षरांच्या टोकांना आडव्या शेपट्या नाहीत, सगळ्या रेषा साध्या, जिथे संपायच्या तिथे संपतात. ‘एन’ पाहा, ‘डी’ पाहा: कुठेही शेपटी नाही. फक्त ‘आय’ला आहे. सारख्या रुंदीचा आणि बिनसेरिफचा असे दोन्ही नियम एकाच वेळी पाळायचे म्हटले की काही अक्षरांपाशी दोन नियमांचं भांडण होतं, आणि टंक आखणाऱ्याला कोणता मोडायचा ते ठरवावं लागतं. एखादा सारख्या रुंदीचा टंक चांगला की वाईट हे मी या अक्षरांवरून ठरवतो. सरळ वागणारी ‘ओ’, ‘एन’, ‘ई’ कुणालाही जमतात. ‘आय’, ‘जे’, छोटा ‘आर’, छोटा ‘एल’ यांच्या घरात काय चाललंय ते आधी बघावं.

मग दुसऱ्या टोकाची अक्षरं. तुमच्या नावात ‘एम’ आहे का? मोरे, कदम, देशमुख यांना तो मिळतोच. वाघमारे असाल तर रोमन स्पेलिंगमध्ये ‘डब्ल्यू’ आणि ‘एम’ दोन्ही मिळतात. अंग चोरून बसलेलं ते अक्षर पाहा. दोन खांब आणि मधला खळगा, सगळं २.५४ मिलिमीटरात. इथे आखणाऱ्याची दुसरी अडचण सुरू होते. रेषा नेहमीच्या जाडीच्या ठेवल्या तर ‘एम’च्या पोटात काळोख होतो आणि ओळीवर नजर टाकताच ते अक्षर डागासारखं उठून दिसतं. रेषा बारीक केल्या तर ते अशक्त दिसतं. म्हणून रेषा किंचित बारीक करायच्या, अक्षर घराच्या भिंतींना जवळजवळ टेकवायचं, आणि पुष्कळ टंकांत छोट्या ‘एम’चा मधला पाय खालपर्यंत न आणता अर्ध्यावर सोडून द्यायचा, म्हणजे आत थोडा उजेड राहतो. हे कसब वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि येऊ नये अशीच आखणाऱ्याची इच्छा असते. आज येऊ द्या. ‘आय’वरून ‘एम’वर, ‘एम’वरून परत ‘आय’वर अशी नजर सावकाश फिरवा. सारखी घरं दिली म्हणून अक्षरं सारखी झालेली नाहीत. एकाला अंग वाढवावं लागलं, दुसऱ्याला आवरावं लागलं.

रिकाम्या घरांचंही पाहू. पहिल्या ओळीत तुमचं नाव संपल्यावर ओळीच्या शेवटापर्यंत कोनचिन्हं आहेत. कोरी जागा यंत्राला संशयास्पद वाटते: इथे काही नाही, की होतं आणि पुसलं गेलं? म्हणून रिकामं घरही चिन्ह घालून भरतात. आडनावानंतर दोन कोनचिन्हं, मग नाव, एक कोनचिन्ह, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असेल तर ते. सुरुवातीची ५ घरं पुस्तिकेचा प्रकार आणि देश सांगण्यात गेली, तेव्हा नावाला उरली ३९.

३९ पुरतात का? न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचं नाव रूढ रोमन स्पेलिंगने भरून पाहिलं तर २२ घरांत बसतं, १७ कोनचिन्हांना उरतात. विष्णुशास्त्री कृष्णशास्त्री चिपळूणकर यांचं भरून पाहा. आडनावाची १०, दोन कोनचिन्हं, विष्णुशास्त्रींची १३, एक कोनचिन्ह, कृष्णशास्त्रींची १४. एकूण ४०. एक घर कमी पडतं. स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेणाऱ्या निबंधकाराला वडिलांच्या नावातला शेवटचा ‘आय’ दाराबाहेर ठेवून परदेशी जावं लागलं असतं. निबंधमालेत त्यावर एक लेख नक्की आला असता.

हा टंक कुठून आला ते थोडक्यात. १९६०च्या दशकात संगणकांनी कागदावरचं छापलेलं वाचावं असे प्रयत्न चालू होते. अमेरिकेत त्यासाठी ओसीआर-ए नावाचा टंक निघाला. यंत्राला सोपा, माणसाला परका. त्यातली अक्षरं यंत्राने यंत्राला लिहिल्यासारखी दिसतात. युरोपातल्या संगणक उत्पादकांच्या संघटनेला दुसरा हवा होता: यंत्राने अचूक वाचावा, पण माणसाच्या डोळ्यालाही खुपू नये. काम आद्रियान फ्रूटिगर यांच्याकडे गेलं. १९२८ साली स्वित्झर्लंडमधल्या उंटरझेन गावात जन्मलेले, पॅरिसला स्थायिक झालेले, ‘युनिव्हर्स’ या टंकामुळे तेव्हाच नावाजलेले. त्याच दशकात ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले होते आणि देवनागरीवरही त्यांनी काम केलं होतं. त्यांनी आखलेला ओसीआर-बी १९६८ साली बाहेर आला. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने यंत्राने वाचायच्या पासपोर्टसाठी तोच नेमला.

‘डोळ्याला खुपू नये’ म्हणजे काय हे कळायला घरातला चेक काढा. तळाशी शाईचे ठोकळ्यासारखे आकडे दिसतील. तोही सारख्या रुंदीचाच टंक, १ इंचात ८ आकडे. मधला ९ आकड्यांचा गट शाखेचा कोड असतो. मुंबईच्या शाखांचा ४०० ने सुरू होतो, पुण्याच्या ४११ ने. ती शाई चुंबकीय असते आणि यंत्र आकड्याचा आकार बघत नाही, शाईतून उठणारी लहर मोजतं. प्रत्येक आकड्याची लहर वेगळी यावी म्हणून कुठे पाय सुजवला आहे, कुठे खांद्याला गाठ आणली आहे. चेक आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकदा इकडे, एकदा तिकडे बघा. चेकवर यंत्राची गरज उघड दिसते. पासपोर्टवर ती शोधावी लागते. फ्रूटिगर यांची करामत ती हीच.

ती शोधण्याचा एक मार्ग आहे, आणि तो फ्रूटिगर यांच्या कामाचाच भाग होता: एक अक्षर दुसऱ्यावर ठेवून पाहायचं. मनातल्या मनात ‘ओ’ उचला आणि ‘क्यू’वर ठेवा. काय उरलं? फक्त शेपूट. मग शेपूट एवढी ठळक हवी की कागदाला सुरकुती पडली, शाई फिकी झाली, तरी ती हरवू नये. ‘सी’ उचलून ‘जी’वर ठेवा. उरते ती आत वळलेली लहानशी आडवी रेघ. ‘पी’ ‘आर’वर ठेवा, एक पाय उरतो. इंग्रजी आठ ‘बी’वर ठेवा. इथे उरतं फार थोडं, डावीकडचे दोन कोपरे. आणि शून्य ‘ओ’वर? तुमच्या पुस्तिकेत दोन्ही सापडत असतील तर शेजारी धरून पाहा. फरक आहे, पण तो शोधायला वेळ लागेल. लागू द्या. एका जोडीवर दहा श्वास थांबलात तरी चालेल. नव्या अक्षराची रेघ बदलली की सगळ्या जोड्या पुन्हा तपासायच्या, कारण ‘जी’ला ‘सी’पासून दूर ढकलताना तो इंग्रजी सहाच्या जवळ सरकू शकतो.

आपण एरवी असं वाचत नाही. ओळखीचा शब्द अक्षरं सुटी न करता कळतो. वर्तमानपत्रात एखादा काना गळला तरी अडत नाही; आजूबाजूचे शब्द सावरून घेतात. पासपोर्टच्या नंबरात सावरून घेणारं कुणी नाही. तिथे आठच्या जागी ‘बी’ वाचला गेला तर शेजारचा तीन किंवा सात काहीही सुचवू शकत नाही. सारख्या रुंदीचे स्वच्छ टंक खरे उपयोगी पडतात ते अशा जागी, जिथे अक्षराला शेजाऱ्याची मदत नसते आणि त्याला स्वतःच्या अंगावरच ओळख बाळगावी लागते.

शेजारी नाही, पण एक पहारेकरी आहे. दुसऱ्या ओळीवर या. पहिली ९ घरं पासपोर्टच्या नंबराची. भारतीय नंबर १ अक्षर आणि ७ आकडे असा ८ चा, म्हणून नवव्या घरात एक कोनचिन्ह. दहाव्या घरात एक सुटा आकडा दिसेल. तो नंबराचा भाग नाही. पुढे देश, मग १४ ते १९ या घरांत जन्मतारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, प्रत्येकी दोन आकडे. आणि विसाव्या घरात पुन्हा एक सुटा आकडा. हे सुटे आकडे म्हणजे तपासणीस. त्यांचा हिशेब हाताने करता येतो, आणि करून पाहण्यासारखा आहे. कागद-पेन्सिल घ्या.

महाराष्ट्राचा पासपोर्ट काढायचा आहे असं समजू. जन्म १ मे १९६०. घरांत लिहिलं जाईल ६००५०१. या आकड्यांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं. सहा सत्ते बेचाळीस. दोन शून्यं, त्यांचं शून्यच. पाच सत्ते पस्तीस. पुन्हा शून्य. शेवटी एक. बेरीज ७८. शेवटचा आकडा ८, तो विसाव्या घरात. यंत्र तारीख वाचतं, हा गुणाकार करतं आणि ८ आला का पाहतं. समजा डाग पडून पाचाचा सहा वाचला गेला: मग बेरीज ८५, शेवटी ५. यंत्र अडून बसतं आणि अधिकारी पान पुन्हा टेकवतो. एकच आकडा चुकला असेल तर हा हिशेब तो पकडतोच.

पण पहारेकरी सर्वज्ञ नाही. त्याच तारखेतले तिसरा आणि चौथा आकडा एकमेकांच्या जागी टाका: ६०५००१. बेचाळीस, पाच, एक. बेरीज ४८. पुन्हा ८! यंत्राच्या गणिताला काहीच खटकत नाही. पन्नासावा महिना नसतो म्हणून ही अदलाबदल निभावते, एवढंच.

याहून बारीक फट अक्षरांपाशी आहे. गुणाकार करता यावा म्हणून ‘ए’ला १०, ‘बी’ला ११ असं चढत ‘झेड’ला ३५ मोल दिलेलं आहे. आठच्या जागी ‘बी’ आला तर ११ आणि ८ मधला फरक ३, पकडला जातो. शून्याच्या जागी ‘ओ’, म्हणजे २४, पकडला जातो. पाचाच्या जागी ‘एस’, म्हणजे २८, तोही. आता ‘जी’ घ्या. ‘जी’चं मोल १६. इंग्रजी सहा म्हणजे ६. फरक बरोबर १०. ७ ने गुणा, ३ ने गुणा, काही करा, बेरजेचा शेवटचा आकडा बदलत नाही. एकमेकांसारख्या दिसणाऱ्या या जोडीपाशी गणित डोळे मिटून घेतं. ज्या नंबरात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, तिथे ‘जी’ आणि सहा यांच्यामध्ये उभी असते ती फक्त रेषा: सहाचं खालचं पोट बंद आहे आणि ‘जी’चं उघडं. तेवढी एक मिलिमीटरभर उघडी जागा.

त्या जागेकडे बघत बसा. इथे घाई करू नका, कारण मला या टंकाबद्दल जे सांगायचं आहे त्यातलं बरंचसं त्या फटीत आहे.

सारखी घरं ही काही संगणकाची कल्पना नव्हे. ती टाइपरायटरची. कळ दाबली की गाडी एक दाता सरकते, आणि दाता सगळ्या अक्षरांना सारखाच. ‘आय’साठी अर्धा दाता सरकवणारी यंत्रं नंतर झाली, पण ती महाग आणि किचकट. नेहमीच्या यंत्रावर १ इंचात १० किंवा १२ अक्षरं. पासपोर्टचं घर अजून त्या दहाच्याच मापाचं आहे.

त्या दात्यावर देवनागरी चढवताना काय झालं हे ज्यांनी तालुक्याच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षा दिल्या त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला आणि पुढे सरकारी कचेऱ्यांतून मराठी यंत्रं खडखडली. त्या मांडणीत ख, घ, ध, भ, श, ण ही अक्षरं कळेवर पूर्ण नाहीतच. आधी अर्धं अक्षर, मग काना: दोन ठोके, दोन दाते. र एका दात्यात. मात्रा आणि अनुस्वार अशा कळांवर की ज्या दाबल्या तरी गाडी हलत नाही. चिन्ह आधीच्या किंवा येणाऱ्या अक्षराच्या डोक्यावर बसतं. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण ठोकायची आधी, कारण ती कागदावर आधी आहे. ‘शिक्षण’ हा शब्द बोटांनी सावकाश ठोकून पाहा: वेलांटी, अर्धा श, काना, अर्धा क्ष, काना, अर्धा ण, काना. सात ठोके. तोंडाने तीन अक्षरं. रोमनमध्ये एका अक्षराला एक घर हा करार सरळ आहे. देवनागरीत अक्षर म्हणजे नेमकं किती हेच आधी ठरवावं लागतं, आणि प्रत्येक यंत्राने ते आपापल्या सोयीने ठरवलं. टाइपरायटरवरच्या मराठीची शिरोरेषा आठवते? जोड जिथे तिथे दिसायचा. त्या अक्षराला कुणी सुंदर म्हटलं नाही. पण त्याच्यावर कोर्टाचे निकाल निघाले, बदल्यांचे हुकूम निघाले, आणि ते वाचता आले.

पडद्यावरच्या टंकांचं फार लांबवत नाही. आज सारख्या रुंदीचा बिनसेरिफ टंक सर्वांत जास्त बघतात ते प्रोग्रॅमर. हिंजवडीत काय किंवा सॅन होजेत काय, मराठी मुलंमुली दिवसाचे तास त्यावर घालवतात. आयबीएमच्या विद्युत टाइपरायटरसाठी रॉजर रॉबर्सन यांनी आखलेला ‘लेटर गॉथिक’ हा त्या घराण्यातला एक जुना पूर्वज. २००७ साली विंडोजबरोबर घरोघर पोचलेला लुकास द ग्रूट यांचा ‘कन्सोलास’, आणि २०१२चा पॉल हंट यांचा ‘सोर्स कोड प्रो’ हे अलीकडचे. त्यांतली अनेक कसबं तुम्ही आत्ताच पासपोर्टवर पाहिली. आणखी दोन पाहा. एक शून्य: कुठे त्याच्या पोटात तिरकी रेघ, कुठे ठिपका. तिरक्या रेघेने ‘ओ’चा गोंधळ मिटतो, पण डॅनिश आणि नॉर्वेजियन माणसाला त्याच्या लिपीतलं एक वेगळंच अक्षर दिसतं, ठिपक्याने ते टळतं. मी ठिपक्याच्या बाजूचा. दुसरी गोष्ट ठळक अक्षराची. एरवी ठळक केलं की अक्षर अंगाने पसरतं. इथे पसरायला जागा नाही. जाडी वाढवायची ती घराच्या आतच, म्हणजे ‘एम’च्या पोटातला उजेड आणखी कमी होणार. तरी ते करतात, कारण एक शब्द ठळक झाला म्हणून खालच्या सगळ्या ओळींचे स्तंभ सरकले तर वाचणाऱ्याचा हिशेब मोडतो.

आणि हा टंक कुठे नको, तेही सांगून टाकतो. हल्ली लग्नपत्रिकेवर, कॉफीच्या दुकानातल्या दरफलकावर, कवितासंग्रहाच्या पानापानावर सारख्या रुंदीचा टंक दिसतो. काहीतरी तांत्रिक, काहीतरी प्रामाणिक वाटावं म्हणून. त्यात लांब गद्य वाचून पाहा. चौथ्या-पाचव्या परिच्छेदाला डोळे थकतात. शब्दाचा एकसंध आकार तिथे मिळत नाही, नजर प्रत्येक घरापाशी थबकते. नंबर तपासायला ते थबकणं हवं असतं. कवितेत थबकायचं कुठे ते कवीने ठरवलेलं असतं, त्यात टंकाने लुडबुड करू नये.

शेवटचा भाग हाताने करायचा आहे. शाळेतली गणिताची चौकटीची वही मिळाली तर उत्तम. आधी रोमनमध्ये तुमचं नाव लिहा, एका चौकटीत एक अक्षर, आणि ‘आय’ आला की त्याला पट्ट्या द्या, ‘एम’ आला की त्याचं पोट सांभाळा. खालच्या ओळीत तेच नाव देवनागरीत लिहा, तसंच, एका चौकटीत एक. ‘र’पाशी जागा उरेल, ती कशी भरायची, की तशीच ठेवायची? ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ असेल तर त्याला एक चौकट द्यायची की दोन? वेलांटी शेजाऱ्याच्या चौकटीत वाकली तर चालेल का? काना हा स्वतंत्र घराचा धनी आहे की आधीच्या घरातला भाडेकरू? तुम्ही जे ठरवाल ते पुढच्या प्रत्येक अक्षराला लागू होईल, तेव्हा ठरवायला वेळ घ्या. आणि शिरोरेषा शेवटी काढा. ती चौकटींच्या उभ्या रेघांवरून सरळ न्यायची की प्रत्येक रेघेपाशी केसभर तोडायची, हे पेन्सिल टेकवण्याआधी एकदा वरून खालपर्यंत सगळी अक्षरं बघून ठरवा.